राखणदाराचा बार

१

दुपारची जेवणं आटोपली की बहारीनच्या रिफा गावातलं ते सगळं घर झोपी जायचं. मालक बू राशिद वरच्या खोलीत, स्वयंपाकी रहिमतुल्ला खाली चटईवर, आणि बाहेर ऊन असं की मांजरसुद्धा गाडीखालून हलायचं नाही. जागा तेवढा मी. गॅरेजच्या मागे एक लांबट खोली होती, तिथे बसून मी काडतुसं भरायचो.

खरं तर मी ड्रायव्हर. व्हिसावरही तेच लिहिलेलं. पण एकदा गाडीत बू राशिदनी बंदुकीचा विषय काढला आणि माझी जीभ सैल सुटली. आमच्याकडे सावंतवाडीकडच्या आडगावात माझ्या बापाची शेतराखणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. वाजलेली पितळी काडतुसं पुन्हा पुन्हा भरायला मी त्याच्याकडून शिकलो होतो. हे ऐकल्यावर म्हाताऱ्याचे डोळे चमकले. त्या दिवसापासून गाडी कमी आणि काडतुसं जास्त.

बू राशिद तरुणपणी मोत्यांच्या धंद्यात मुंबईला होते. हिंदी फर्डी बोलायचे, तीही भेंडीबाजारातली. तिथेच घेतलेली एक विलायती दुनळी बंदूक त्यांच्या कपाटात होती, त्यांच्याहून वयाने मोठी. आजकालची प्लॅस्टिकची काडतुसं तिच्यात बसत नाहीत आणि बळेच बसवली तर नळी फाटेल. म्हणून जुन्या मापाची पितळी काडतुसं हातानेच भरावी लागत. शुक्रवारी सकाळी त्यांना घेऊन मी वाळवंटात जायचो. रिकामे डबे मांडायचे, म्हाताऱ्याने ते उडवायचे, पितळ्या गोळा करून परत आणायच्या. फारसे डबे उडायचे नाहीत, पण माणूस खूश व्हायचा.

काम बेतानं करायचं असतं. काडतुसाच्या बुडाची, बंदुकीचा घोडा आपटला की ठिणगी देणारी जुनी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, दारू मापून घालायची, वर जाड टिकली दाबायची, मग छरे, मग पुठ्ठ्याची चकती आणि शेवटी मेण. टिकल्या मी हिरव्या बनातीच्या कापायचो. घरात पत्ते खेळायचं एक जुनं टेबल मोडीत निघालं होतं, त्यावरची बनात. कापायच्या पंचाला एक खाच पडली होती, त्यामुळे माझ्या प्रत्येक टिकलीला एका बाजूला बारीक दात यायचा. म्हातारा म्हणायचा, ही तुझी सही.

आणि एक सवय मी गावाहून आणली होती. पहिला बार राखणदाराचा. राखणदार आमच्या गावच्या सीमेवर बसतो. त्याला ना देऊळ ना मूर्ती, एक दगड काय तो. बाप भरायला बसला की पहिलं काडतूस बाजूला काढून खिडकीत ठेवायचा. इथे बहारीनमध्ये कसला आलाय राखणदार? पण हाताची सवय जात नाही. मीही पहिलं काडतूस खिडकीच्या कट्ट्यावर उभं करायचो आणि उठताना पेटीत टाकायचो. तेवढंच बरं वाटायचं. दिवसभरात आपल्या घरचं म्हणून तेवढं एकच काम हातून होत होतं.

२

एका दुपारी भरणं संपवून कट्ट्यावरचं काडतूस उचललं तर ते हलकं लागलं.

तोंड उघडं. मेण नाही, चकती नाही, आत नुसती धुराची काजळी बसलेली. टोपीवर घोड्याचा खड्डा. पितळ कोमट होतं आणि ताज्या दारूचा वास येत होता. मी कट्ट्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. बार उडाला असता तर माझे कान फुटले असते, रहिमतुल्ला ओरडत आला असता, निदान खिडकीची काच तरी गेली असती. खोलीत एसीची घरघर होती, बाकी काही नाही.

पहिला विचार आला तो शहाण्या माणसाला येतो तोच. बाळाजी, तूच रिकामी पितळी ठेवलीस. ऊन डोक्यात गेलंय तुझ्या. कोमट का, तर कट्ट्यावर ऊन येतं. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी काडतूस ठेवताना मेणावर नखाने फुली मारली. उठताना बघतो तर पुन्हा तेच. या खेपेला मी टोपी उजेडात धरून पाहिली. खड्डा मधोमध नव्हता, जरा कडेला होता. बू राशिदच्या बंदुकीचा डावा घोडा असाच कडेला बसतो. ती खूण मला माझ्या नावासारखी पाठ होती.

म्हटलं, म्हातारा गंमत करतोय. चहा घेऊन वर गेलो आणि सरळ विचारलं.

“बाबा, आप नीचे आए थे? बंदूक चलाई?”

“पागल है क्या? घुटना देख मेरा.” त्यांनी सूज आलेला गुडघा दाखवला. मग उशीखालून किल्ल्यांचा जुडगा काढून कपाट उघडायला लावलं. बंदूक होती तशी होती. नळ्यांत मी शुक्रवारी लावलेलं तेल, त्यावर काजळीचा ठिपका नाही.

दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. मी थांबलो नाही, आणि का ते सांगतो. दीड वर्ष त्या घरात होतो. बायकोचं, रंभाचं, तोंड पाहिलं नव्हतं, पोरगी अरुणा रांगत होती तेव्हा निघालो होतो. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी मनामातल्या माहूजला आमच्या शेजारच्या गावचा तुकाराम भेटायचा, तेव्हा काय ते पोटभर बोलणं. बाकी ‘यल्ला, गाडी काढ’ आणि ‘खलास’. अशात कट्ट्यावर ठेवलेली वस्तू रोज कुणीतरी घेत होतं. मला त्याची भीती वाटायला हवी होती, पण खोटं कशाला बोलू, सोबत वाटत होती.

३

उन्हाळ्याच्या तोंडाला बू राशिदना सलमानियाच्या हॉस्पिटलात ठेवलं. छातीत पाणी झालं होतं. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी सोबत नेला. त्यांची मुलगी जमीला मनामाहून येऊन घर बघून गेली आणि मला म्हणाली, बाबांना आवडतं, तुम्ही काडतुसं भरत राहा, ते परत येतील तेव्हा तयार असू देत.

म्हणून मी भरत राहिलो. शुक्रवारी वाळवंट नाही, कपाटाला कुलूप, किल्ली हॉस्पिटलात. तरी कट्ट्यावरचं काडतूस रोज वाजलेलं मिळायचं.

एकदा ठरवलं की नजर काढायचीच नाही. खुर्ची खिडकीकडे ओढली आणि काडतुसासमोर हाताची घडी घालून बसलो. बाहेर पांढरं ऊन, कुंपणाची भिंत, पलीकडे वाळू. काही झालं नाही. डोळ्यांत पाणी यायला लागलं. तेवढ्यात एसी बंद पडला. वीज गेली असेल म्हणून मी मान वळवून दिव्याकडे पाहिलं, तर दिवा चालू होता आणि एसीही फिरत होता. पंख्याचं पातं फिरताना दिसत होतं, आवाज मात्र नव्हता. मी खुर्ची सरकवली, तिचाही आवाज आला नाही. एक श्वास घेईपर्यंतच हे टिकलं. मग घरघर परत सुरू झाली.

कट्ट्यावर काडतूस उभं होतं, उघड्या तोंडाचं. त्यातून धुराची बारीक रेघ निघत होती.

त्या दिवशी मात्र मला सोबत वाटली नाही.

४

आमच्याकडे पत्रापेक्षा कॅसेट चालायची. रंभाला लिहायचा कंटाळा, मला वाचायचा. कुणी रजेवरून आलं की घरची कॅसेट घेऊन यायचं. रंभा दुपारची कामं झाल्यावर घरामागच्या परड्यात फणसाखाली बसून बोलायची. मागे कोंबड्या, बावीवरचा रहाट, सगळं ऐकू यायचं. कधी कधी मला तिच्या बोलण्यापेक्षा तेच ऐकावंसं वाटायचं.

तुकारामाने माहूजला आणून दिलेली कॅसेट मी गॅरेजमागच्या खोलीत लावली.

“ऐकतास मां? मी रंभा. आमी बरी आसंव. अरू आता धावता, एका जाग्यार बसणा नाय. एक सांगूचा होता. रोज उन्हां कलली की आमच्या परड्यामागे बार वाजता. कोण मारता कळणा नाय. गावात इचारलंय, कोणाचीच बंदूक भायर नाय. पयलो लांब सड्यार वाजायचो, आता बावीकडे वाजता.”

सडा म्हणजे गावाबाहेरचा कातळाचा माळ, आणि बाव ही आमच्या घरापाठची विहीर. उन्हं कलली की. तिथे उन्हं कलतात तेव्हा इथे भरदुपार असते.

“परड्यात हिरव्यो टिकल्यो गावतत,” ती सांगत होती. “बनातीच्यो. करपलेल्यो. एका बाजूक बारीक दातो आसा. अरू त्येंची भातुकली मांडता. फणसाच्या खोडात छरे रुतलेत. काल गायच्या कानाक लागलो एक.”

छरे लांब जातात, पण टिकली बार मारणाऱ्यापासून फार दूर पडत नाही. टिकल्या परड्यात पडत होत्या.

मग खोकल्याचा आवाज आला आणि बापाने बहुतेक तिच्या हातातून टेप घेतला. “बाळ्या, ह्यो आवाज आपल्या भरण्याचो आसा. थंय राखणदाराक काय दिलंस काय रे? त्येच्या बारात छरे घालूचे नसतत. तो रिकामोच भरूचो.”

मला हे माहीतच नव्हतं. लहानपणी मी उठेपर्यंत बापाने पहिला बार भरून खिडकीत ठेवलेला असायचा. त्याच्या आत काय आहे ते मी कधी विचारलं नाही. मी आपला पेटीतल्यासारखाच, चांगले चिमूटभर जास्त छरे घालून ठेवत होतो. देवाला कमी कशाला, म्हणून.

तेवढ्यात टेपवर बार वाजला. खणखणीत, अगदी जवळ. कोंबड्या फडफडल्या, अरुणा रडायला लागली आणि कॅसेट संपली.

महिनोन् महिने जो आवाज मी ऐकला नव्हता तो हा होता.

५

दुसऱ्या दिवशी मी नुसत्या दारूचा बार भरला, छरे नाहीत, आणि हात जोडून कट्ट्यावर ठेवला. तो तसाच राहिला. त्याच्याशेजारी मात्र पेटीतलं एक छऱ्यांचं काडतूस येऊन उभं होतं, वाजलेलं. मी पेटीतली सगळी काडतुसं फोडली, दारू वाळूत उधळली, छरे डब्यात भरले. एक सुटलं असणार. संध्याकाळी तेही कट्ट्यावर मिळालं, कोमट.

भरणं थांबवलं म्हणजे आता सगळं शांत होईल, असं मी स्वतःला समजावलं. चार दिवस तसं झालंही, पण मग सकाळी पाहिलं तर पंचाखाली हिरव्या टिकल्यांचा ढीग होता, नुकत्याच कापलेल्या. माझ्या बोटांना बनातीची लव लागली होती.

मी गाडी काढली आणि सलमानिया गाठलं. बू राशिद उशांना टेकून बसले होते, नाकात नळी. मी दाराकडे पाठ करून त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

“तेरा बाप रख के छोड़ देता था?”

“नहीं बाबा. रखता था, फिर गाँव की सीमा पे जाके हवा में उड़ाता था.”

“और तू?”

“मैं सिर्फ़ रखता था.”

म्हाताऱ्याने नाकातली नळी सारखी केली. “तो किसी को तो चलाना पड़ा न, बालाजी,” ते म्हणाले. “भरा हुआ बार कितने दिन बैठेगा?” मग उशीखालून जुडगा काढून माझ्या हातात ठेवला. “जा. जिसका है वो चलाए. फिर खलास.”

जुडगा घेताना त्यांचा हात माझ्या हातावर जरा रेंगाळला. मला वाटतं तेही घाबरले होते.

६

त्याच दुपारी बंदूक घेऊन वाळवंटात गेलो. नेहमीच्या जागी गाडी उभी केली, डब्यांच्या खुणा अजून वाळूत होत्या. उजव्या नळीत रिकामा बार घातला, छऱ्यांशिवायचा, माझ्या हाताने तपासून. डावी नळी मोकळी. बाप करायचा तसं गावाकडे तोंड केलं, म्हणजे पूर्वेकडे. मनात म्हटलं, चूक झाली, पदरात घे, माझ्या माणसांना सोड. बंदूक आभाळाकडे धरली आणि चाप ओढला.

खांद्याला दणका बसला. धूर आला. आवाज आला नाही.

धूर विरला तेव्हा समोर वाळू नव्हती. फणसाचं खोड होतं, त्यात छऱ्यांची भोकं. पलीकडे दोरीवर रंभाचं हिरवं लुगडं वाळत होतं. खाली एक पोर उकिडवी बसून टिकल्या मांडत होती. मी निघालो तेव्हा तिला चालता येत नव्हतं, तरी मी तिला ओळखलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आणि बंदूक आता आभाळाकडे नव्हती. ती कधी खाली आली मला कळलं नाही.

माझ्या अंगठ्याखाली डावा घोडा मागे ओढलेला होता. मी तो ओढला नव्हता. बोट दुसऱ्या चापावर होतं. घोडा पडल्याचं मला हातात जाणवलं.

मग वाळू परत आली, पांढरी, रिकामी. मी गुडघ्यांवर बसलो होतो. बंदूक उघडून पाहिली. उजव्या नळीत माझा वाजलेला बार. डाव्या नळीत एक काडतूस होतं, माझ्याच भरण्याचं, वर मेण शाबूत. टोपीवर कडेला खड्डा पडलेला, पण ते उडालं नव्हतं.

अशा काडतुसाबद्दल बापाने एकच गोष्ट ठासून सांगितली होती. घोडा पडला आणि बार वाजला नाही, तर तो मेला असं समजू नये. तो आत धुमसत असतो. मन मानेल तेव्हा वाजतो.

७

ते काडतूस मी बादलीभर पाण्यात बुडवलं. सकाळी ते कट्ट्यावर होतं, कोरडं. पुन्हा बुडवलं, वर दगड ठेवला. दगड राहिला, काडतूस कट्ट्यावर. वाळवंटात लांब पुरून आलो, तरी तेच. शेवटी मी नाद सोडला. निदान डोळ्यांसमोर तरी आहे, म्हटलं.

घरी तार केली, की रंभा, अरुणाला घेऊन माहेरी जा. उत्तर आलं नाही. आमच्याकडे तार तालुक्याला पडून राहते, कुणी बाजाराला गेलं तर आणतं. गणेशचतुर्थीला माझी रजा ठरली आहे. आजवर त्या रजेच्या आशेवर दिवस काढले, आता घरी जायचीच भीती वाटते. त्या फणसाखाली जाऊन उभं राहणारा माणूस मीच असेन, तर?

आज तुकाराम कॅसेट देऊन गेला. त्याच्या मावसभावाने आणलेली. तो गावाहून निघाला तेव्हा वाटेत आमच्या दारात थांबला, रंभाने बोलता बोलता कॅसेट काढून त्याच्या हातात दिली, आणि मग बिचारा तिकिटासाठी मुंबईत अडकून पडला. त्यामुळे पुढचं त्याला काही ठाऊक नाही. कुठला दिवस होता, एवढं मात्र मी विचारून घेतलं. मी वाळवंटात गेलो तोच.

घर झोपलंय. कॅसेट लावली आहे.

“ऐकतास मां? मी रंभा.” तिचा आवाज मोकळा आहे, हसरा. अरूला दाढा येतायत, काजूला पैसा बरा आला, मामंजींचा खोकला कमी आहे. “चार दिस झाले, बार वाजणा नाय,” ती म्हणते. “संपला वाटता एकदाचा.” कोंबड्या चरताहेत. दोरीवरचं लुगडं वाऱ्याने फडफडतंय.

मग मागे कुठेतरी एक हलका खटका. दुसऱ्या कुणाला कळला नसता. डावा घोडा मागे ओढला की तो असाच वाजतो.

“आये,” अरुणाचा आवाज. तिचे शब्द मी पहिल्यांदा ऐकतोय. “आये, बाबा इले.”

“खंय?”

“थंय. फणसाकडे.”

 त्या क्षणी खोलीतल्या एसीची घरघर थांबते. पातं फिरतंय. टेपची चाकंही फिरताहेत, पण आता रंभाचाही आवाज नाही.

मी कट्ट्यावरचं काडतूस उचलतो. त्याचं तोंड स्वतःच्या छातीकडे करतो आणि दोन्ही हातांनी गच्च धरतो. हा बार अजून वाजलेला नाही. हे मला ठाऊक आहे, कारण तो माझ्या हातात आहे. आता वाजायचाच असेल तर इथे वाजू दे.

पितळ गरम व्हायला लागलंय. मी मूठ सोडत नाही.